मुदत: गुरुवार दुपारी चारपर्यंत

तराजूकाकांच्या जिवंत राहण्याची मुदत दर गुरुवारी दुपारी चार वाजता संपत असे, आणि दर गुरुवारी दुपारी चार वाजताच ती पुढल्या सात दिवसांसाठी वाढवून मिळत असे. दोन वर्षं हा कारभार विनातक्रार चालला. सरकारी काम असूनही विनातक्रार चालतंय, याची वरिष्ठांना दखल घ्यावी लागली आणि तिथून सगळं बिघडलं.

काका वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, पारड्याच्या तळाला चिकटवलेलं मेण नखाने खरवडून काढलं आणि खऱ्या काट्यांवर शिक्के मारले. बायको गेल्यावर तिसऱ्या महिन्यात त्यांनी घरातल्या वस्तू वाटायला काढल्या. भिंतीवरचं घड्याळ इस्त्रीवाल्याला, रेडिओ पेपरवाल्याला, छत्री ज्याला हवी त्याला. शेवटी एक पितळी काटा, वजनांचा संच आणि दोन खुर्च्या एवढंच उरलं. रोज संध्याकाळी पाच वाजता ते काटा तपासत आणि सगळ्यात शेवटी पाच किलोचं वजन फरशीवर ठेवत. त्या धप्प आवाजाचा खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना त्रास होई. वरचे म्हातारे डोक्याने सरकले आहेत, बंदोबस्त व्हावा, असा अर्ज त्यांनी संकट निवारण केंद्राकडे दिला. एका माणसाचा जीव वाचवण्याची कार्यवाही अशी आवाजाच्या तक्रारीवरून सुरू झाली.

केंद्राने जिला पाठवलं ती बाई हुद्द्याने 'क्षेत्रीय मनोस्वास्थ्य कार्यकर्ती (संकट)' होती. एवढ्या लांब हुद्द्यातलं कंसातलं तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं. वस्तीत तिला संकटबाई म्हणत. आठ वर्षांची नोकरी, यादीवर त्रेचाळीस माणसं, आणि कुणाच्याही दारात उभं राहून आधी चपला काढायच्या की आधी नाव सांगायचं हे त्या घराच्या वासावरून ओळखण्याची हातोटी, एवढा तिचा ऐवज.

पहिल्याच भेटीत तिने खुर्चीवर बसून सरळ विचारलं होतं, "काका, जीव द्यावासा वाटतो का?"

काकांना हा प्रश्न आवडला. तीन महिने लोक त्यांना जेवलात का, झोप लागते का, चालायला जाता का, असं विचारत होते. मापात कुणी विचारलं नव्हतं.

"वाटतो," ते म्हणाले.

मग तिने बॅगेतून नमुना नऊ काढला. 'मी खाली सही करणार लिहून देतो की, आजपासून सात दिवस मी माझ्या जिवास अपाय करणार नाही. तसे वाटल्यास कार्यालयीन वेळेत संपर्क साधीन.' काकांनी कागद तीनदा वाचला. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"मुदत सात दिवस."

"हो."

"आठव्या दिवशी?"

"सातव्या दिवशीच मी येईन."

"नाही आलात तर?"

"येईन, काका."

"मग मुदतीपुरतं देतो," असं म्हणून त्यांनी सही केली. त्या वेळी भिंतीवर घड्याळ नव्हतं, तरी त्यांनी सहीखाली वेळ लिहिली. चार वाजून शून्य मिनिटं.

असल्या कागदाने कुणी जगत नसतो, हे संकटबाईला प्रशिक्षणातच सांगितलं होतं. उद्या काही झालंच तर कार्यालयाच्या अंगाला लागू नये, एवढ्यासाठी तो असतो. तिच्या यादीतली बेचाळीस माणसं तो न वाचता सही करत आणि तिच्याकडे अशी बघत, की झालं ना तुमचं काम? पण काका त्रेचाळिसावे होते. शिक्का म्हणजे शिक्का मानणारा माणूस. एकदा तिने विचारलं, "या आठवड्यात वाटलं का काही?" तर म्हणाले, "सोमवारी फार वाटलं. मग कागद बघितला. गुरुवारपर्यंत मुदत आहे म्हटलं, सही आपली आहे."

दर गुरुवारी ती सव्वातीनला येई. आल्याबरोबर काका तिची बॅग काट्यावर घालत. "चार किलो दोनशे. मागच्या गुरुवारपेक्षा तीनशे ग्रॅम जास्त. कुणाचं काय झालं?" मग ती कुणाचं काय झालं ते नाव न घेता सांगे. काका त्यांच्या बायकोचं सांगत. ती भाजी नेहमी अंदाजाने निवडायची आणि अंदाज कधी पन्नास ग्रॅमच्या वर चुकायचा नाही. पाऊण तास असा जाई. चार वाजता सही. कागद दाराच्या मागे खिळ्याला लावलेल्या तारेत ओवायचा. पाच वाजता वजनाचा धप्प. खरं औषध तो पाऊण तास होता हे दोघांनाही ठाऊक होतं, पण बसण्याला नमुन्यात रकाना नव्हता.

वार्षिक आढाव्यात केंद्रप्रमुखांच्या नजरेस ही फाइल पडली. केंद्रप्रमुख सज्जन गृहस्थ. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचं रोप आणि 'शांत राहा' अशी पाटी होती. नोकरीत त्यांनी रुग्ण एकही पाहिला नव्हता. रुग्ण पाहिला की निर्णयावर परिणाम होतो, असं त्यांचं मत होतं.

"एकाच माणसाची एकशे तीन हमीपत्रं?"

"दर गुरुवारी एक, साहेब," संकटबाई म्हणाली.

"म्हणजे एकशे तीन वेळा आपण या गृहस्थांच्या शब्दावर संशय घेतला. हा ज्येष्ठ नागरिकाचा अपमान आहे, बाई."

"संशय कसला, साहेब. भेट असते ती."

"भेटीचं मला समजावून सांगा. माणूस बरा असेल तर भेटीची गरज नाही. बरा नसेल तर भेटीचा उपयोग झाला नाही, हे सिद्ध होतं. दोन्हीकडून भेट बाद."

आठ वर्षांत संकटबाईने भल्याभल्या भ्रमांशी वाद न घालता बसायला शिकून घेतलं होतं.

पंधरा दिवसांत परिपत्रक आलं. नमुना नऊ रद्द. त्याऐवजी नमुना नऊ-अ, आजीवन हमीपत्र: 'मी हयात असेपर्यंत माझ्या जिवास अपाय करणार नाही.' एकदा सही घेतली की फाइल बंद. भेट नाही, प्रवास नाही, बॅग नाही. सगळं एका चपट्या यंत्रात भरायचं, बोटाने सही घ्यायची.

केंद्रात आवक-जावक सांभाळणारे भाऊसाहेब होते. तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचून त्यांची दृष्टी अधू झाली होती, बुद्धी नाही. त्यांनी बैठकीत हात वर केला. "साहेब, हयात असेपर्यंत जीव देणार नाही, म्हणजे जीव जाईपर्यंत जीव जाऊ देणार नाही, असं ना?"

"बरोबर."

"मग जीव दिला तरी हमी मोडत नाही. दिल्यावर तो हयात कुठं असतो?"

"यालाच निर्दोष मसुदा म्हणतात, भाऊसाहेब. या नमुन्याखाली अपयशाची नोंद करणं शक्यच नाही."

जुने कोरे नमुने त्याच दिवशी कागद फाडायच्या यंत्रात घातले गेले. कर्मचाऱ्यांनी परस्पर कुणाला अल्प मुदतीची आशा वाटू नये, हा हेतू.

मदतवाहिनीही सुधारली. फोन लावला की आधी आजीवन हमीचा क्रमांक विचारला जाई. क्रमांक नसेल त्याला एक गोड आवाज सांगे, 'आपण असुरक्षित नागरिक असल्याने आपला फोन स्वीकारता येत नाही.' क्रमांक असेल त्याला तोच आवाज सांगे, 'आपण सुरक्षित नागरिक असल्याने आपल्याला मदतीची आवश्यकता नाही.' पहिल्याच महिन्यात अहवालात लिहिलं गेलं, 'संकटे: निरंक.'

संकटबाई यंत्र घेऊन यादी फिरली. चार वर्षं घराबाहेर न पडलेल्या शिंपीणबाईंनी दाराच्या फटीतून बोट बाहेर काढून सही केली. निवृत्त बसचालकाने विचारलं, "ताई, माझ्या डोक्यात तो दुसरा बोलत असतो, त्याची पण सही लागेल का? तो नाही म्हणतोय." तिने केंद्राला विचारलं. लेखी उत्तर आलं, 'प्रति देह एक सही.' कॉलेजातली एक मुलगी सही करताना हसली. संकटबाईला ते हसणं अजिबात आवडलं नाही. तिने नोंदवायचं ठरवलं, तर हसण्याला रकाना निघाला. 'रुग्ण आनंदी' असा.

बेचाळीस झाले. गुरुवारी ती काकांकडे गेली.

"आज बॅग नाही?"

"यात आलंय सगळं, काका."

काकांनी यंत्र काट्यावर ठेवलं. वजनं काढली, घातली, पुन्हा एक काढलं. "पाचशे चाळीस ग्रॅम. त्रेचाळीस माणसं. दर माणशी साडेबारा ग्रॅम." आणि मग तिच्याकडे न बघता, "पूर्वी एकटी ती शिंपीणच अर्धा किलो होती."

पाऊण तास नेहमीसारखा गेला नाही. चारला पाच कमी असताना तिने नवा नमुना दाखवला. काकांनी चष्मा पुसला, नमुना वाचला, आणि यंत्र परत तिच्या हातात दिलं.

"आजीवन शिक्का? ताई, काट्याला शिक्का वर्षाचा असतो. वर्षात पितळ झिजतं, दांडी वाकते, दुकानदाराची नियत फिरते. आजीवन शिक्का मारणारा एक निरीक्षक मला भेटला होता. मी त्याला निलंबित करवला."

"मला कळतंय, काका."

"सात दिवसांची द्या. आत्ता देतो."

"तो नमुना आता निघत नाही."

"मग पाच मिनिटं राहिली," काका म्हणाले. धमकी म्हणून नव्हे. शेवटची बस किती वाजता आहे हे परक्याला सांगावं, तसं.

संकटबाईने इकडेतिकडे पाहिलं. जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नमुना नऊ हाताने लिहून काढला. आठ वर्षांत तो तिला पाठ झाला होता. काकांनी सही केली, वेळ घातली आणि म्हणाले, "यावर केंद्राचा शिक्का नाही."

"नाही."

"मग इथं तुमची सही करा. घेणार म्हणून. हमी एकट्याची नसते, ताई. देणारा लागतो आणि घेणारा लागतो. घेणारा नसेल तर ती रद्दी."

तिने सही केली. पाच वाजता खालच्या गृहस्थांना धप्प ऐकू आला आणि ते वैतागले.

यंत्र मात्र चुगलखोर होतं. सोमवारी तिच्या टेबलावर पत्र: 'सेवा अनुज्ञेय नसलेल्या ठिकाणी आपण पंचेचाळीस मिनिटे विनाकारण एका माणसासोबत बसल्याचे निदर्शनास आले आहे. सबब खुलासा करावा.' तिने खुलासा एका ओळीत केला. 'माणूस होता.' खुलासा असमाधानकारक ठरला आणि पुढच्या गुरुवारी केंद्रप्रमुख जातीने सही घ्यायला निघाले. जन्मातला त्यांचा पहिला रुग्ण. जिना चढताना त्यांनी दोनदा केस सारखे केले.

"बसा," काका म्हणाले. खुर्च्या दोनच होत्या, त्यामुळे संकटबाई उभी राहिली. "पादत्राणं काढलीत तर वजन करतो. सवय आहे."

केंद्रप्रमुखांनी विनोद समजून बूट काढले. काकांनी ते काट्यावर घातले. "डावा उजव्यापेक्षा वीस ग्रॅम जास्त झिजलाय. एका बाजूला भार टाकून चालता तुम्ही."

"हो, ते जरा पाठीचं..." केंद्रप्रमुख म्हणाले आणि सावरले. "आजोबा, ही एक साधी औपचारिकता आहे. आपण जगणार आहात, एवढंच लिहून द्यायचं. त्यात अडचण काय?"

"अडचण काहीच नाही. आधी तुम्ही करा. नमुना सही म्हणून. मी खाली करतो."

"माझी काय गरज?"

"काटा तपासायचा तर आधी आपलं वजन खरं असावं लागतं, साहेब. मी चौतीस वर्षं तसंच केलं."

केंद्रप्रमुखांनी हसत बोट पुढे केलं. बोट काचेच्या वर येऊन थांबलं. 'मी हयात असेपर्यंत.' त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचलं. बहुतेक स्वतः काढलेलं परिपत्रक ते पहिल्यांदाच वाचत होते. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र नमुना असतो," ते अखेर म्हणाले.

"बरं, राहू द्या आजीवन. सात दिवसांची द्याल?" काकांचा आवाज मऊ झाला होता. असा आवाज ते फक्त नव्या दुकानदाराशी काढत. "घाई नाही. विचार करा."

केंद्रप्रमुखांनी खरंच विचार केला. "शुक्रवारी तपासणी आहे. सोमवारी वरिष्ठांची बैठक." ते बोटांवर मोजत होते. "रविवारपर्यंत देता येईल. रविवार संध्याकाळचं नक्की सांगता येत नाही."

मग ते एकदम उठले आणि एका पायात बूट घालून जिना उतरले. दुसरा संकटबाईने खाली नेऊन दिला. वर जाऊन तिने काकांचा त्या आठवड्याचा कागद लिहिला, घेणार म्हणून सही केली. तारेत एकशे सातवा.

आता नियम असा की, नऊ-अ वर सही करायला जो नकार देईल तो अतिजोखमीचा, आणि त्याची नोंद प्रत्यक्ष हजर कर्मचाऱ्याने त्याच दिवशी करायची. संकटबाई नियमाने चालणारी बाई होती. तिने नोंद केली. 'नाव: केंद्रप्रमुख. सहीस नकार. कारण: सोमवारची बैठक.' यंत्राने लाल दिवा लावला आणि केंद्रप्रमुखांच्या मोबाइलवर संदेश गेला की आपण असुरक्षित नागरिक असून आपला फोन स्वीकारता येत नाही.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता नवं परिपत्रक निघालं. यापुढे रुग्णाऐवजी निकटच्या नातलगाची सही चालेल. अकरा वाजून चार मिनिटांनी केंद्रप्रमुखांच्या पत्नीने पोळ्या लाटताना करंगळीने सही केली. कशावर ते तिने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. लाल दिवा हिरवा झाला. अकरा वाजून दहा मिनिटांनी काकांच्या मुलाला फोन लागला. मुलगा दूरच्या शहरात होता.

"बाबांना काही झालंय का?"

"काही होऊ नये यासाठीच फोन आहे," केंद्रप्रमुख म्हणाले. "एक सही हवी."

"लिंक पाठवा."

अकरा सेकंदांत सही आली. तेवढ्यात संकटबाईने टेबलावर वाकून फोनमध्ये तोंड घातलं. "दादा, गुरुवारी सव्वातीनला त्यांना फोन करा. दर गुरुवारी. पाऊण तास."

"गुरुवारी आमची मीटिंग असते हो. पण सही पोचली ना?"

"पोचली."

"मग झालं तर."

त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. केंद्राला मानचिन्ह मिळालं. काकांच्या गल्लीच्या तोंडाशी संकटबाई पोचली की यंत्र बोलू लागे, 'आपण सुरक्षित क्षेत्रात प्रवेश करत आहात. कृपया संकटाकडे वळा.' तरी ती आणखी दोन गुरुवार यंत्र केंद्रात ठेवून गेली. मग तिची बदली झाली, मुख्यालयात, बढतीवर. 'भेटीविना भेट' या विषयावर तिने नव्या कर्मचाऱ्यांना धडे द्यायचे होते. रुजू व्हायचं होतं गुरुवारी सकाळी. मुख्यालय सहा तासांवर.

निघायच्या दिवशी केंद्रप्रमुखांनी तिला दारात गाठलं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाले, "बाई, तो जुना नमुना नऊ एखादा शिल्लक असेल का तुमच्याकडे?"

"कशाला, साहेब?"

"फाइलला लावायला."

तिने कॅलेंडरच्या एका पानामागे लिहून दिला. त्यांनी तो चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला. मुदत कधीची घालू, असं तिने विचारलं तेव्हा ते प्लास्टिकच्या रोपाला पाणी घालायला गेले होते.

बुधवारी दुपारी ती काकांच्या इमारतीत गेली. वर जाण्याआधी खालच्या मजल्यावरची बेल वाजवली. गृहस्थांनी दार अर्धं उघडलं. हातात पुस्तक होतं, पानात बोट घातलेलं.

"मी वरच्या काकांसाठी आलेय. दर गुरुवारी सव्वातीनला वर जाऊन पाऊण तास बसायचं. चार वाजता ते एक कागद देतील, त्यावर घेणार म्हणून सही करायची. एवढंच."

"पण मला त्यातलं काही कळत नाही हो. शिकलेलं माणूस लागतं ना त्याला?"

"कळायचं काही नाही. बसायचं."

"बोलायचं काय?"

"ते तुमच्या चपलांचं वजन करतील. करू द्या."

गृहस्थ हसले. "बघतो."

"बघतो नको, साहेब. हो म्हणा."

"अहो, हो. शेजारी आहोत आम्ही. तसाही जाता-येता विचारतोच मी, बरं आहे ना म्हणून. आणि ते पाच वाजताचं वजनाचं जरा सांगा की त्यांना. वाचता येत नाही."

"आवाज येतोय तोवर बरं समजा," संकटबाई म्हणाली. "आणि नाही आला, तर वर जा. लगेच."

"हो, हो."

वर जाऊन तिने काकांना सांगितलं की उद्यापासून खालचे गृहस्थ घेणार म्हणून सही करतील. काका बराच वेळ काट्याची दांडी पुसत राहिले. "लेखी घेतलंत त्यांच्याकडून?"

"तोंडी हो म्हणालेत."

"तोंडी," काका म्हणाले. आठ वर्षांत संकटबाईने केलेली चूक ती एवढीच. बेचाळीस माणसांकडून तिने लेखी घेतलं होतं. घ्यायचं होतं त्याच्याकडून नाही घेतलं.

गुरुवारी सव्वातीनला काकांनी दार उघडून ठेवलं. दुसरी खुर्ची पुसली. साडेतीनला पुन्हा पुसली. कागद स्वतःच लिहून तयार केला होता. देणाऱ्याची सही झालेली, घेणाऱ्याची जागा मोकळी. चारला दहा कमी असताना तो हातात धरून ते जिना उतरायला लागले. मधल्या वळणावर ते गृहस्थ भेटले. कोपऱ्यावरून दूध घेऊन वर येत होते.

"काय काका, बरं आहे ना?" गृहस्थ म्हणाले. काकांनी कागद पुढे केला. गृहस्थांना वाटलं, पाण्याच्या टाकीचा अर्ज असेल, सह्या गोळा करत फिरताहेत. "नंतर बघू हां, जरा घाईत आहे," असं म्हणून ते स्वतःच्या दारात शिरलेसुद्धा. केंद्राच्या यंत्रात त्याच क्षणी आपोआप नोंद झाली. 'शेजाऱ्याकडून प्रत्यक्ष विचारपूस. समाधानकारक.'

ते गृहस्थ कोण, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. दचकू नका, तुमच्यावर कुणी ठपका ठेवलेला नाही. नियमाप्रमाणे तुम्ही काहीच चुकलेलं नाही, तसा अहवालच आहे. तुम्ही घरी आलात, दूध तापवलंत, खुर्ची खिडकीशी ओढलीत आणि हे वाचायला घेतलंत. आता सव्वापाच झाले आहेत. पाच वाजता वरून येणारा तो धप्प आज आलेला नाही, आणि म्हणूनच, कितीतरी दिवसांनी, तुम्हाला एक गोष्ट शेवटपर्यंत निवांत वाचता आली.